हेसलरबाईंचा ताप

पेरलाला ताप भरला त्या सकाळी गितलानं तिच्या गालांवर चापट्या मारायला हात उगारला आणि तसाच खाली घेतला. हजेरीला उभं राहायच्या आधी बराकीतल्या सगळ्याच बायका गाल चोळून लाल करायच्या. फिकट चेहऱ्याच्या बाईला कोण कामाची म्हणणार? पण पेरलाचे गाल आधीच लालबुंद होते. डोळेही लाल होते.

"ताई, डोकं फुटतंय गं," पेरला म्हणाली.

"उभी राहा. माझ्या खांद्याला रेल, पण रेललीस असं दिसू देऊ नकोस."

गितलानं तिच्या सदऱ्याची बटणं लावता लावता आत नजर टाकली. छातीवर बारीक तांबूस पुरळ उठलं होतं. तिनं वरचं बटण गळ्यापर्यंत घट्ट लावलं आणि कुणी पाहिलं का ते बघितलं. कुणीच पाहिलं नव्हतं. किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

उवांचा ताप. टायफस. हा शब्द बराकीत कुणी तोंडातून काढत नसे. नदीपलीकडच्या लाकूड कापायच्या गिरणीत शरद ऋतूत एका माणसाला हा ताप निघाला, तेव्हा जर्मनांनी त्याला एकट्यालाच नेलं नाही, अख्खी बराक नेली. जंगलाच्या कडेला नेली आणि संध्याकाळी ट्रक रिकामे परत आले.

इथं कारखान्यात लोकरीचे बूट व्हायचे. लोकर पिंजायची, उकळत्या पाण्यात घालून कुटायची, दाबायची, साच्यावर चढवायची, की जाड कडक बूट तयार. रशियाच्या बर्फात लढणाऱ्या जर्मन सैनिकांच्या पायांत ते जायचे. बूट लागत होते तोवर बूट करणारे लागत होते, आणि म्हणून गावातले उरलेसुरले ज्यू या आवारात होते. गावातला ज्यूंचा मोहल्ला तर केव्हाच रिकामा झाला होता. गितलाचे आईवडील त्यातच गेले.

कारखान्याचा मॅनेजर ओटमार हेसलर. सायलेशियातून आलेला, टकला, पोट सुटलेला, सदा तोंड वाजवणारा माणूस. लोकर ओली राहिली म्हणून ओरडायचा, वाफ फुकट गेली म्हणून ओरडायचा, कुणी दार आपटलं तर त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचा. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं भोंगा. त्यानं कुणावर हात टाकला नव्हता हे खरं. पण त्या दिवसांत तेवढ्यावरून कुणा जर्मनावर भरवसा ठेवावा, इतकी गितला भोळी नव्हती.

हजेरी कशीबशी पार पडली. गितलानं पेरलाला लोकरीच्या कोठारात नेलं आणि पोत्यांच्या मागे निजवलं. वर एक रिकामं पोतं टाकलं. पिंजणयंत्रावर डॉक्टर लान्गर काम करायचे. लढाईआधी गावात त्यांचा दवाखाना होता. आता तो बारीक अंगाचा म्हातारा दिवसभर लोकरीच्या धुळीत खोकत असे. जाता जाता गितला त्यांच्या कानाशी वाकली.

"पुरळ आहे," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी यंत्रावरून नजर काढली नाही. "पाणी पाज. तिच्या अंगावरचे कपडे उकळत्या हौदात टाक. आणि तुझेही. दुसरं माझ्याकडे काही नाही, पोरी."

दोन दिवस असे गेले, सकाळी हजेरीला खांद्याशी रेलून आणि दिवसभर पोत्यांमागे. तिसऱ्या दिवशी दुपारी गितला पेरलाला पाणी पाजत होती आणि मागून आवाज आला.

"कोण आहे तिकडे?"

हेसलर पोत्यांच्या फटीतून आत आला. त्याला पाहून गितला उठून उभी राहिली. पेरला अर्धवट शुद्धीत होती. तिनं हेसलरकडे बघून 'बाबा' म्हटलं.

"ही इथं काय करतेय?"

"थंडी वाजतेय तिला, साहेब. उद्या येईल कामावर."

"थंडी." हेसलर खाली वाकला, पण हात लावला नाही. "मला गाढव समजतेस का?"

हेसलरच्या टकलावर घाम आला होता आणि कोठारात तर हाडं गोठवणारा गारठा होता.

"उद्या तपासणी आहे," तो म्हणाला. आज पहिल्यांदाच तो हळू बोलत होता. "एस.एस.चा क्रेन्त्स येतोय. सोबत त्यांचा डॉक्टर. सगळ्यांना आवारात पळायला लावणार आहेत. ही पळेल?"

"नाही, साहेब."

तो तडक निघून गेला. गितला तिथंच उभी राहिली. कचेरीत टेलिफोन होता आणि क्रेन्त्सला एक फोन केला की हेसलर मोकळा होणार होता. स्वतःहून रोगी पकडून दिला म्हणून बाकीचा कारखाना वाचलाही असता. तिला वाटलं, पेरलाला उचलावं आणि पळावं. पण कुठं? फाटकावर पहारा होता. बाहेर कोपऱ्यावर पैशासाठी ज्यू हेरून देणारे उभे असायचे. ती परत कामावर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिचे कान टेलिफोनकडे लागून राहिले.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी हेसलर धुण्याची मोठी वेताची टोपली घेऊन स्वतः कोठारात आला. ती टोपली त्याच्या हातात इतकी विसंगत दिसत होती की गितला क्षणभर बघतच राहिली.

"बघतेस काय? घाल हिला आत. वर चादरी टाक. दुसऱ्या बाजूनं धर."

दोघांनी टोपली उचलली. मॅनेजरचं घर आवारातच होतं, खाली जेवणाची खोली, वर निजायची. हेसलर जिन्यावर धापा टाकत होता आणि मध्येच थांबून मोठ्यानं ओरडला, "धुणं वेळेवर करायला काय होतं तुम्हाला?" खालून कुणी ऐकत असेल तर ऐकावं म्हणून.

वर हेसलरबाई दारात उभ्या होत्या. उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. टोपलीतली चादर सरकली आणि त्यांनी आतला चेहरा पाहिला.

"ओटमार, हे काय?"

"तासाभराचं काम आहे, इर्मा. ती तुझ्या पलंगावर झोपेल. तू म्हणायचं, माझं डोकं दुखतंय, मला कुणाला भेटायचं नाही."

"माझ्या पलंगावर? हिला काय झालंय?"

हेसलर टोपलीतली चादर सारखी करत राहिला.

"ओटमार, हिला काय झालंय, मी विचारतेय."

"तुला कळलंय काय झालंय ते."

हेसलरबाई जिन्याकडे चालत गेल्या. गितलाला त्यांची पाठ दिसत होती आणि कठड्यावर ठेवलेला हात. त्या तशाच उभ्या राहिल्या. हेसलरनं त्यांना हाक मारली नाही, अडवलंही नाही. मग त्या परत आल्या, पलंगावरची रजई ओढून बाजूला केली आणि गितलाला म्हणाल्या, "पायांकडून धर. अशी नको, तिची मान लटकतेय."

आवारात सगळ्यांना बर्फातून पळवलं. डॉक्टर लान्गर पळताना पडले, पण उठले. एक बाई कमी का, असं क्रेन्त्सनं विचारलं तेव्हा हेसलर म्हणाला, स्टेशनवर लोकरीचा डबा उतरवायला पाठवलीय, आणि सोबत रेल्वेच्या दिरंगाईवर इतका वेळ ओरडला की क्रेन्त्स कंटाळला. मग सगळे जर्मन जेवायला आत गेले. गितलाला बाहेरून वरची खिडकी दिसत होती. पडदा ओढलेला होता. त्यांचा डॉक्टर म्हणाला असावा की बाईंना बघून येतो, कारण थोड्या वेळानं पडद्यामागे सावली हलली. पण तो चटकन खाली आला. गितलाला नंतर कळलं, हेसलरबाईंनी दार बोटभर उघडून सांगितलं होतं, की न विंचरलेल्या केसांनी मी परपुरुषासमोर येत नाही.

पेरला वाचली. तरणी होती, ताप उतरला. लाकडासारखे पाय घेऊन ती पुन्हा यंत्रापाशी उभी राहिली आणि बराकीत कुणीतरी हळूच म्हणालं, भोंगा बरा माणूस निघाला हो. गितलालाही तसं वाटायला लागलं होतं.

दोन आठवडेही झाले नसतील, हेसलरनं तिला कचेरीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुझ्या बहिणीला पुरळ कुठं आलं होतं?"

"छातीवर, साहेब. मग पोटावर."

हेसलर खुर्चीत बसला. "इर्माला पण तिथंच आलंय."

गितलानं चादरी उकळल्या होत्या, पेरलाचे केस कापले होते, पण एखादी ऊ कुठं कुठं शोधणार?

"तुमचा डॉक्टर बोलवा, साहेब. त्यांच्याकडे औषधं आहेत."

"आणि त्यानं विचारलं, बाईंना हा ताप आला कुठून, तर काय सांगू? ती बाजारात जात नाही, चर्चमध्येही जात नाही." त्यानं टक्कल चोळलं. "त्या लान्गरला घेऊन वर ये. धुराडं तुंबलंय म्हण."

डॉक्टर लान्गर काजळी फासून, हातात काठी घेऊन वर गेले. त्यांनी हात धुतले, नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. इतक्या महिन्यांनी ते पुन्हा डॉक्टरासारखे दिसत होते.

"वाचेल?" हेसलरनं विचारलं.

"चाळिशी उलटलेल्यांना हा ताप जड जातो. हृदय टिकलं तर वाचतील. दर घटकेला गार फडकं आणि घोट घोट पाणी. कुणीतरी सतत जवळ हवं."

"ही बसेल," हेसलर गितलाकडे बोट करून म्हणाला. "युक्रेनियन मोलकरणीला मी रजा दिलीय."

अशी गितला हेसलरबाईंच्या उशाशी बसली. बराकीत त्या दिवसांत कुणी नीट झोपत नव्हतं. बाई दगावल्या तर दाखल्यासाठी जर्मन डॉक्टर येणार, पुरळ बघणार आणि पुढचं सांगायला नको. आणि तो आला नाही तरी, आमच्यामुळे बायको गेली म्हणून हेसलरच पिसाळला तर? "त्या बाईला जगव, गितला," बराकीतल्या बायका तिला सांगायच्या, जणू ते तिच्या हातात होतं. पेरला नुसती रडायची, आणि गितलाला तिचा राग यायचा आणि मग रागाची लाज वाटायची.

ताप चढता चढता बाई बडबडायला लागल्या. लहानपणच्या कुत्र्याला हाका मारायच्या, मेलेल्या भावाशी भांडायच्या. आणि मध्येच उठून बसायच्या: "ओटमार, त्या पोरीला माझ्या पलंगावरून काढ."

क्रेन्त्स आला तो नेमका तेव्हाच. भर दुपारी, न कळवता. आपल्या मेव्हण्यासाठी बूट हवे होते त्याला. खालून खुर्च्या सरकल्याचा, पेले किणकिणल्याचा आवाज आला. जुन्या घराच्या फळ्यांतून सगळं ऐकू यायचं. खालचं वर आणि वरचं खाली.

हेसलरबाई उठून बसल्या.

"ओटमार! काढ तिला! माझ्याच पलंगावर आणून निजवलीस तू तिला!"

गितलानं झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. पुढचा शब्द तिला ठाऊक होता. काल रात्री त्यांनी तोच शब्द उच्चारला होता: 'ती ज्यू पोरगी.' बाईंनी मान झटकली, तिच्या तळव्याला दात लागले. आजारी माणसात इतका जोर कुठून येतो? गितलानं त्यांना आपल्या अंगाखाली दाबून धरलं. तळव्याखाली गरम श्वास अडत होता, सुटत होता. जरा जास्त दाबलं तर श्वास थांबेल. जरा सैल सोडलं तर सगळी बराक जाईल. तिला स्वतःचा हात परक्याचा वाटायला लागला.

खाली शांतता पसरली होती.

"हेसलर," क्रेन्त्सचा आवाज आला, "कुणाला निजवलंस रे?"

गितलानं डोळे मिटले. हेसलर ओरडेल असं तिला वाटलं. संकटात तो नेहमी ओरडायचा. पण तो बोलला, इतक्या पडेल आवाजात की शब्द जेमतेम वर पोचले.

"मोलकरीण होती एक. युक्रेनियन. बायको बहिणीकडे गेली होती. एक दिवस लवकर परत आली."

क्रेन्त्स आधी नुसताच हुंकारला, मग खो खो हसत सुटला. टेबलावर थाप मारल्याचा आवाज आला. "तू? अरे लेका, तू? मला वाटायचं तुला लोकरीपलीकडे काही दिसत नाही!"

"हळू बोला. ती ऐकेल."

"ऐकू दे की. आणि ती मोलकरीण? आहे अजून का घालवलीस?"

"घालवली."

"वाईट झालं. मला तरी सांगायचंस." पुन्हा हसणं. "चार जोड दे बूट. तोंड बंद ठेवायचे दोन जास्त."

हेसलरनं चार जोड दिले. मोटार निघून गेल्यावर जिना करकरला. तो आत आला तेव्हाही गितलाचा हात बाईंच्या तोंडावरच होता.

"काढ हात."

"साहेब, त्या पुन्हा बोलतील."

"गेला तो. काढ हात, गुदमरेल ती."

गितलाला हात काढता येईना. बोटं आखडली होती. हेसलरनं एकेक बोट धरून सोडवलं. बाईंच्या ओठांभोवती पांढरा वळ उठला होता. त्यांनी खोल श्वास घेतला आणि पुन्हा कुत्र्याला हाक मारली. हेसलर खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याची मान कानांपर्यंत लाल झाली होती.

"खाली जे बोललो," तो म्हणाला, "ते तू ऐकलंस?"

"हो, साहेब."

"बराकीत सांगू नकोस. तसलं काही मी कधी केलेलं नाही."

"नाही सांगणार," ती म्हणाली.

क्रेन्त्सनं मात्र तोंड बंद ठेवलं नाही. बूट घेऊनही सगळ्या गावभर केलं. अधिकाऱ्यांच्या क्लबात हेसलरला बघितलं की मोलकरणींवरून विनोद सुरू व्हायचे. तो जायचा, बसायचा, ऐकून घ्यायचा. एक मात्र झालं. बाई नवऱ्यावर रुसून खोलीत बसल्यात अशी बातमी पसरली आणि कुणी भेटायला आलं नाही.

ताप उतरला तो एका पहाटे, अंगाला दरदरून घाम फुटून. हेसलरबाईंनी डोळे उघडले आणि गितलाकडे पाहिलं. डावा कान कायमचा गेला होता, हे नंतर कळलं.

"ती मुलगी जगली का?" त्यांनी विचारलं.

"जगली, बाई. तुमच्यामुळे."

"माझी पिसांची उशी घामानं खराब केली तिनं." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "मला कुणी म्हणू नये हं, की मी मोठं काही केलं. मी जिन्यापर्यंत गेले होते. खाली जाऊन सांगणारच होते. मग पाय उचलेना."

"आठवतंय मला."

"तू माझं तोंड दाबलंस ते मलाही आठवतंय," हेसलरबाई म्हणाल्या. "पाणी दे."

कारखाना उन्हाळ्यापर्यंत चालला. मग वरून हुकूम आला की ज्यू कामगार काढून घ्या. हेसलरनं लेंबेर्ग शहरातल्या वरच्या कचेरीत खेपा घातल्या, लष्कराच्या बुटांचं काय होणार म्हणून ओरडला, विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. ज्यूंना न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी तो यंत्रांमधून फिरला आणि प्रत्येकापाशी उभा राहून त्याच शिव्या देत ओरडत राहिला, आणि ओरडण्याच्या मध्ये खालच्या आवाजात सांगत गेला, "नदीकडचं दार उघडं राहील. पहारेकऱ्यांना मी दारू देतोय."

बरेचजण गेले. सगळे पोचले नाहीत. गितला आणि पेरला तीन गावं पलीकडे एका शेतकऱ्याच्या गोठ्याच्या माळ्यावर शिरल्या आणि रशियन येईपर्यंत तिथंच राहिल्या. डॉक्टर लान्गर गेले नाहीत. बर्फात पडले तेव्हापासून त्यांचा गुडघा वाकत नव्हता. "मी मागे राहिलो तर निदान हजेरीला कुणीतरी उभं असेल," ते म्हणाले आणि गितलाला त्यांनी दाराकडे ढकललं.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी, बव्हेरियातल्या निर्वासितांच्या छावणीत, गितलाला समजलं की हेसलर जवळच्याच गावात चौकशीला सामोरा जातोय. ज्यूंना राबवून घेणारा मॅनेजर म्हणून. दोघी बहिणी आगगाडीनं गेल्या. चौकशी करणाऱ्या पंचांसमोर गितलानं टोपलीपासून नदीकडच्या दारापर्यंत सगळं सांगितलं. क्रेन्त्सला दिलेलं उत्तर तेवढं सांगितलं नाही. शब्द दिला होता.

"म्हणजे तो तुमच्याशी चांगला वागायचा?" एका सभासदानं विचारलं.

गितलानं विचार केला. "ओरडायचा फार."

कुणीतरी हसलं.

"हसू नका," ती म्हणाली. "त्याला भीती वाटायची म्हणून ओरडायचा. भीती आम्हालाही वाटायची, पण ओरडायची मुभा नव्हती."

हेसलर सुटला. बाहेर ओसरीवर तो भेटला तेव्हा फार वाळला होता. कोट खांद्यांवरून लोंबत होता. हेसलरबाईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी पेरलाला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं, नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "वजन वाढव." मग हेसलरनं विचारलं, "आणि लान्गर?"

त्यांनी आम्हाला दाराकडे ढकललं आणि स्वतः मागेच राहिले, असं गितलानं सांगितलं.

हेसलर मान खाली घालून उभा राहिला. मग, घरी जेवायला याल का, असं त्यानं विचारलं. घरी बटाट्याचं सूप होतं, एका खोलीत दोन बिऱ्हाडं राहत होती, पण चार माणसं टेबलाशी मावली असती. दोघी गेल्या. पेरलानं दोनदा मागून घेतलं. संध्याकाळच्या गाडीसाठी हेसलर त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि गाडीला उशीर झाला म्हणून फलाटावर उभा राहून स्टेशनमास्तरावर ओरडत राहिला.